आकृती तीनमधला हात

वकीलबाईंची ख्याती अशी, की कुणाचा शोध किती स्वतःचा आणि किती शेजाऱ्याचा, हे त्यांना समोरचा चहा निवायच्या आत कळे. पेटंटच्या धंद्यात एवढं नाक पुरतं.

त्या दुपारी त्यांच्या सगळ्यात मोठ्या कंपनीचे धाकटे डायरेक्टर हाताचा कंप मोजणाऱ्या अंगठीचा अर्ज घेऊन आले. पाचच्या आत दाखल करायचा होता. आकृत्या चाळता चाळता बाई तिसरीवर थबकल्या. अंगठी घातलेला डावा हात. करंगळी आत वळलेली.

"कुणी काढलं हे?"

"कॉम्प्युटरनं, मॅडम. हल्ली त्यासाठी माणूस कोण बसवतो?"

बाईंचे दादा, म्हणजे वडील, पेटंटच्या आकृत्या काढून पोट भरत. उजव्या हातात पेन, म्हणून नमुन्याला डावा. टेलिफोन, इस्त्री, सुरी, सगळं जन्मभर त्या एकाच हातानं धरलं. लहानपणी दारात चेमटून वाकडी झालेली करंगळी त्यांनी कागदावर कधी सरळ केली नाही. "आहे तसं काढावं, बयो. सुधारायला आपण काय देव?" त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

बाईंनी जुने अर्ज उघडले. तासाभरानं सापडला: एका घड्याळजीचा, अर्ध्यात सोडलेला, आकृत्या दादांच्या. हीच अंगठी, हाच हात. कंपनीनं अंगठीचा घाट बदलला होता, आकडे बदलले होते. हात तेवढा राहिला होता.

"अहो, घड्याळजी गेला, अर्जही मेला," डायरेक्टर हसले. "मढ्याची कसली भीती?"

"एकदा छापून गेलं ते नवं होत नाही. हा कागद सोबत जोडा, मग माझी सही."

"म्हणजे पेटंट गेलंच की! थांबा, करंगळी सरळ करतो. दोन मिनिटांचं काम."

खरंच दोन मिनिटं लागली. ताजा कागद टेबलावर आला आणि बाईंच्या अंगावर काटा उभा राहिला. हॉस्पिटलात दादांचे शेवटचे हात जुळवताना नर्सनंही ती करंगळी सरळ केली होती. सगळ्यांच्या देखत ती हळूहळू पुन्हा वळली होती.

"राहायची नाही ती तशी," त्या पुटपुटल्या.

"काय?"

"सही होणार नाही."

"मग आमच्या सगळ्याच फायली नेतो."

"न्या."

पाचच्या आत ऑफिसातली निम्मी कपाटं रिकामी झाली. नेणाऱ्यांनी एक कागद मात्र टेबलावरच टाकला: सरळ करंगळीचा. बाई बराच वेळ त्याच्याकडे बघायचं टाळत होत्या. शेवटी त्यांनी तो डाव्या हातानं दाबून धरला, पेन उघडलं आणि करंगळी होती तशी वाकडी करून दिली.