मुक्या 'जी'ची हकिगत

मित्रांनो, मी एक जुना लाकडी 'जी' आहे, इंग्रजी मुळाक्षरांतला सातवा. तळहाताएवढा आहे आणि उलटा आहे, कारण छापायचे अक्षर उलटे कोरले तरच कागदावर सुलटे उमटते.

एका कोरक्याने मला चिवट लाकडातून घडवले, तेल पाजले आणि छापखान्यात पाठवले. तिथे अक्षरांचे घोडे, म्हणजे उंच लाकडी मांडण्या होत्या, आणि त्यांत ओढायचे खण होते. माझ्या शेजारच्या खाचेत दोन 'एच' राहत. काम आले की आम्हाला लोखंडी चौकटीत उभे करून पाचरींनी असे आवळत की जीव कासावीस व्हायचा. काम संपले की पुन्हा खणात. तिसरी जागा मला ठाऊकच नव्हती.

त्यातही एक दुखणे होते. 'नाइट' या शब्दात मी आणि एच अगदी मधोमध उभे असायचो. पण वाचणारा आम्हाला ओलांडून सरळ पुढे जायचा. आमचा उच्चारच नव्हता. जागा अडवायची आणि गप्प राहायचे, एवढेच आमचे काम.

आम्हाला जुळवणारे होते जुळारीकाका. बावीस वर्षे याच घोड्यापुढे उभे राहून त्यांच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. डोळे मिटूनही ते अक्षर ओळखत.

एकदा त्यांच्या हातून एक एच फरशीवर पडला आणि उभा चिरला. नेमके त्याच आठवड्यात रात्रशाळेच्या जाहिरातीचे काम आले. 'नाइट'ला एक एच हवा, 'स्कूल'ला दुसरा. उरला होता एकच. काकांनी बराच वेळ मान खाजवली. मग एच शाळेला दिला आणि 'नाइट' चारच अक्षरांत बसवला: एन, आय, टी, ई. मला उचललेच नाही. दोनशे कागद छापून झाले.

मालकांनी कागद पाहिला आणि त्यांचा पारा चढला. "काका, हे काय करून ठेवलंत?"

"मालक, एच एकच होता. तो शाळेला दिला."

"अहो, दुकानाच्या पाटीवर हे खपतं! शाळेच्या जाहिरातीत? उद्यापासून येऊ नका."

तेवढ्यात रात्रशाळेच्या बाई कागद न्यायला आल्या. त्यांचाही चेहरा उतरला. "माझ्या शाळेच्या दारातच चूक लावू का मी? लोक काय म्हणतील?"

काका खाली मान घालून उभे होते. मग हळूच म्हणाले, "बाई, खरं सांगू? मला इंग्रजी वाचता येत नाही. अक्षरं ओळखतो, शब्द नाही. मागे नाचगाण्याच्या कार्यक्रमाचा कागद आला होता, त्यातल्या या चार अक्षरांना सगळे 'नाइट'च म्हणत होते. मला वाटलं, दोन्ही एकच."

बावीस वर्षांत हे मालकांना कळले नव्हते.

बाई स्टुलावर बसल्या. "दोन्ही एकच आहेत, काका. फार पूर्वी हे जी-एच बोलायचे. घशातून, खाकरल्यासारखे. मग लोकांच्या तोंडातून तो आवाज गेला आणि अक्षरं तेवढी मागे राहिली. पुढे जाहिरातवाल्यांनी, पाटीवाल्यांनी ती गाळून टाकली. जागा वाचते, वाचणाऱ्यालाही कळतं. घरच्या चिठ्ठीत चालतं. परीक्षेत मात्र लाल रेघ."

मित्रांनो, खणातल्या अंधारात मी थरारलो. मी कधी काळी बोलत होतो! मग माझा आवाज गेला आणि मी शब्दात अडकून पडलो.

बाईंनी कागद उचलले. "शाळा सोमवारी सुरू होतेय, हेच लावते. पण मालक, यांना काढलंत तर एकही कागद नेणार नाही. आणि काका, सोमवारी वर्गात यायचं. पहिलं नाव तुमचं."

"या वयात, बाई?"

"मग काय पुढच्या जन्मी?"

काका राहिले. महिनाभराने एका सकाळी खण पुसताना त्यांनी मला हातात घेतले आणि अडखळत, मोठ्याने म्हणाले, "एन, आय, जी..." तिथे थांबून त्यांनी माझ्यावरून अंगठा फिरवला आणि पुढे म्हणाले, "एच, टी. नाइट!" त्या शब्दात माझे नाव मी पहिल्यांदाच ऐकले.

पुढे कॉम्प्युटर आला. काका थकले, घरी बसले. आमचा घोडा मागच्या खोलीत लोटला गेला. ओलीने लाकूड फुगले आणि खण गच्च बसला. त्याला किती वर्षे झाली, ते इथे कळत नाही. काकांनी माझ्या खाचेत जपून ठेवलेला चिरलेला एच माझ्या अंगावर रेलून आहे.

मित्रांनो, मोबाइलवर घाईत लिहिताना आम्हाला खुशाल गाळा. मी रागावणार नाही. तसे लिहिणाऱ्याला हसू मात्र नका. त्याच्याजवळ कदाचित एच एकच असेल. आणि कुठल्या जुन्या छापखान्यात न उघडणारा खण दिसला, तर दोन्ही हातांनी जोर लावून एकदा ओढून पाहा.