माश्या परतेपर्यंत

इंजिनच्या तेलाचा काटा खाली यायला लागला तेव्हा नुकतंच उजाडत होतं. काटाच बिघडला असेल म्हणून धाकलीने काचेवर टिचकी मारून पाहिली. काटा वर आला नाही. तिने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला आणि इंजिन बंद करून टाकलं.

"काय झालं?" शेजारी पेंगत असलेल्या नवऱ्याने विचारलं.

"तेल जातंय कुठून तरी."

माहेरी सगळ्या भावंडांत शेवटची म्हणून ती धाकली, आणि लग्नानंतरही ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचे वडील ट्रक चालवायचे, त्यांच्या शेजारी बसूनच ती शिकली. नवरा मधमाश्या पाळायचा. पेट्या एका फुलोऱ्यावरून दुसरीकडे न्यायच्या म्हणजे इतकी वर्षं भाड्याच्या ट्रकवाल्यांची मनधरणी करावी लागे. माश्या म्हटलं की निम्मे जण फोन ठेवून देत. शेवटी या हंगामात दोघांनी जुना डिझेल ट्रक घेतला आणि स्टिअरिंग धाकलीकडे आलं. आता मागे चाळीस पेट्या होत्या, दारांवर जाळ्या ठोकलेल्या, दोरांनी आवळून बांधलेल्या. ऊन चढायच्या आत सूर्यफुलांच्या शेतात पोचायचं होतं. चालत्या ट्रकवर वारा लागतो, तोवर ठीक. बंद पेट्या उन्हात उभ्या राहिल्या तर आतलं मेण मऊ पडतं आणि माश्या गुदमरून मरतात.

धाकली खाली उतरून वाकली. इंजिनापासून मागच्या चाकांपर्यंत ट्रकचं सगळं पोट काळंभोर झालं होतं.

नशिबाने पुढच्या वळणावरच एक गॅरेज होतं. मिस्त्री दारात दात घासत उभा होता. पन्नाशीचा, अंगाने भारी, बोलण्यात बेताचा माणूस. तिचं ऐकून त्याने चूळ भरली, तेलाचा डबा उचलला आणि तिच्याबरोबर चालत आला. इंजिनात तेल ओतून त्याने ट्रक गोगलगायीच्या चालीने गॅरेजसमोर आणवला. इंजिन बंद झालं, तरी गुणगुण चालूच होती.

"हा आवाज कसला?"

"माश्यांचा," नवरा म्हणाला. "मधाच्या."

मिस्त्री दोन पावलं मागे सरला. "किती आहेत?"

"मोजल्या नाहीत कधी."

मिस्त्रीने आत जाऊन मोटरसायकलचं हेल्मेट आणलं, डोक्यात घातलं, काच खाली ओढली आणि ट्रकखाली शिरला. फडक्याने सगळं पुसून काढल्यावर त्याने धाकलीला क्षणभर इंजिन चालू करायला लावलं. लगेच आतून हाक आली, "बंद करा."

बाहेर आला तेव्हा हेल्मेटच्या काचेवर तेलाचे शिंतोडे होते.

"गरम तेल पुढे कूलरमध्ये जातं, थंड होऊन परत येतं," तो म्हणाला. "जायची एक नळी, यायची एक. लोखंडी तोंड आणि रबर जिथे दाबून जोडलंय ना, तिथून एक नळी पिचकारी मारतेय. वाऱ्याने तेल मागे उडालं, म्हणून सगळी गाडीच गळतेय असं वाटतं."

"आणि दुसरी?"

"ओलसर झालीय. जुळ्या बहिणी आहेत, एक रडली की दुसरी रडणारच. दोन्ही बदलू. पण संध्याकाळ होईल. आणि ताई, काटा बघून लगेच थांबलात म्हणून इंजिन हाती लागलं. आणखी थोडं रेटलं असतंत तर माझ्याकडे यायचं कामच उरलं नसतं."

नवरा उन्हाकडे बघत होता. पेट्या उतरवून, सावलीत ठेवून, माश्या मोकळ्या सोडायला हव्या होत्या. एकदा सोडल्या की अंधार पडताना सगळ्या घरी येईपर्यंत पेटी हलवता येत नाही. आणि गॅरेजच्या दारात सोडल्या तर ट्रकखाली कोण झोपणार?

"मागे एक काकू राहतात, त्यांची बाग आहे," मिस्त्री अडखळत म्हणाला. "झाडं आहेत, सावली आहे. पण माझं नाव घेऊ नका. माझ्याकडचं तेलाचं पाणी त्यांच्या लिंबाखाली गेलं होतं एकदा. तेव्हापासून बोलणं नाही."

कुणापुढे हात पसरायचा नाही, हे धाकलीने वडिलांकडून ट्रकइतकंच पक्कं शिकून घेतलं होतं. मीठ संपलं तरी ती शेजारी मागायला जायची नाही. पण मागे चाळीस पेट्या गुणगुणत होत्या. ती गेली. मिस्त्रीला काय वाटलं कोण जाणे, हेल्मेट काखेत धरून तोही मागोमाग आला.

काकूंनी दाराची फट तेवढी उघडली आणि सगळं ऐकून घेतलं. "चावतात?"

"छेडलं तर."

"आमचे हे खिडकीपाशी पडून असतात. उठवत नाही त्यांना."

"मग राहू द्या काकू," धाकली लगेच वळली.

"राहू द्या कशाला? खिडकीला जाळी आहे, ती पुरेल का, एवढंच विचारतेय मी." मग तिच्या खांद्यावरून मागे बघत त्या म्हणाल्या, "आणि तू तोंड लपवून काय उभा आहेस? पेट्या उचलायला लाग."

दोघादोघांनी धरून पेट्या झाडांखाली मांडल्या, तोंडं रस्त्याच्या उलट दिशेला. थोडा वेळ स्वस्थ ठेवून नवऱ्याने एकेक जाळी काढली. माश्या बाहेर आल्या आणि आपापल्या दारासमोर घिरट्या घालत नवी जागा ओळखून घेऊ लागल्या. नवऱ्याने सांगितलं तसं काकूंनी परातीत पाणी भरून त्यात खडे टाकले, माश्यांना बसून प्यायला. तेव्हा कुठे धाकलीचा जीव भांड्यात पडला.

ट्रकखालचं काम मात्र सरळ होईना. कूलरपाशी नट गंजून बसले होते.

"हा पाना धरा," मिस्त्री म्हणाला. हेल्मेट त्याने पुन्हा चढवलं होतं. "मी नट फिरवणार, तुम्ही कूलरची मान, नळी बसते ती, हलू द्यायची नाही. मान पिळली की कूलर गेला."

धाकली त्याच्या शेजारी पाठीवर आडवी झाली. दोन्ही हातांनी पाना धरला. मिस्त्रीने नटावर रॉकेल सोडलं, थांबला, हलकेच ठोकलं, पुन्हा थांबला. त्याला घाई नव्हती. तिला होती, पण तिने पाना ढळू दिला नाही. हात भरून आले.

"दमलात?"

"नाही."

"मग माझ्यासाठी थांबू. मी दमलोय."

दोघं तसेच पडल्या पडल्या हसले. पुढच्या खेपेला नट कुरकुरला आणि सुटला. उरलेलं तेल धाकलीच्या बाहीतून काखेपर्यंत गेलं.

नळ्या पोत्यात गुंडाळून ती मिस्त्रीच्या मोटरसायकलवर गावात गेली. नवी रबरी नळी यंत्राने दाबून देणारा एकच पाइपवाला होता आणि नेमका आज त्याचा सुट्टीचा दिवस. 'वरच राहतो, हाक मारा,' असं मिस्त्रीने बजावलं होतं. बंद शटरपुढे ती जरा वेळ घुटमळली. एका दिवसात दुसऱ्यांदा मागायचं. मग तिने मान वर केली आणि हाक मारली.

गॅलरीत एक माणूस आला. एका गालाला साबण, दुसरा गाल गुळगुळीत. तिने खालूनच सांगितलं. मधमाश्या म्हटल्यावर त्याने गाल पुसला आणि तसाच खाली आला. जुन्या नळ्यांवर मापं घेतली, नवीन रबर कापलं, चारही तोंडं यंत्रात एकेक करून दाबली. मग नळ्यांत हवा भरून पाण्याच्या पिंपात बुडवल्या. दोघंही पिंपात वाकून बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही.

"तुमचा सुट्टीचा दिवस मोडला," धाकली म्हणाली.

"अर्धीच दाढी मोडली. सुट्टी अजून आहे," तो म्हणाला आणि जिना चढून गेला.

ती परतली तोवर मिस्त्रीला खरं कारण सापडलं होतं. नळ्या धरून ठेवणारी पट्टी कधीतरी तुटून पडली होती. नळ्या लोंबकळत, थरथरत राहिल्या आणि जोड ढिला झाला. त्याने पत्र्याची नवी पट्टी वाकवली, आतून टायरच्या ट्यूबचा तुकडा लावला आणि नळ्या बसवल्या. तेल भरलं, इंजिन चांगलं तापेपर्यंत चालू ठेवलं. खाली पांढरा पुठ्ठा अंथरला होता. त्याच्यावर एक ठिपका पडला नाही.

हात धुवायला धाकली काकूंच्या मोरीत गेली. खिडकीतून आवाज येत होते. काका उश्यांना टेकून बसले होते, जाळीबाहेर नवरा उकिडवा बसला होता.

"ती बघा, पायाला पिवळे पराग घेऊन आली," काका म्हणत होते. "आणि ही रिकामीच?"

"तिच्या पोटात पाणी असेल. घर गार ठेवायला आणतात."

"शहाणी आहे."

काकू साबण घेऊन आल्या आणि तिथेच थांबल्या. "अंथरुणाला खिळल्यापासून भिंतीकडे तोंड करून असतात," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "आज आपणहून म्हणाले, मला बसव. तुमचा ट्रक बिघडला ते बरं झालं असं म्हणू नये, पण..."

"म्हणा," धाकली म्हणाली.

आभार मानायचे म्हणून तिने येताना मनात शब्द जुळवले होते. ते आता लागू पडेनात. तिने ओल्या हातांनीच काकूंचे हात धरले.

दिवस मावळताना माश्या परत आल्या. एका पेटीच्या दारात बराच वेळ गर्दी होती. त्या आत जाईपर्यंत कुणी घाई केली नाही. मग जाळ्या लागल्या, पेट्या चढल्या, दोर आवळले. मिस्त्रीने सांगितलेली मजुरी धाकलीने दिली, त्याने ती न बघता खिशात घातली.

"थोडं पुढे जाऊन थांबा," तो म्हणाला. "दोन्ही नळ्यांवरून हात फिरवा आणि मला कळवा."

थोडं पुढे गेल्यावर ती थांबली. बॅटरी घेऊन खाली शिरली. तळवा पहिल्या नळीवरून फिरवला, मग दुसरीवरून, मग सगळे जोड बोटांनी चाचपले. तळव्याला नुसती धूळ लागली. तिने तिथूनच फोन केला.

"कोरडं आहे."

"कूलरच्या मानेपाशी?"

"तिथेही."

"मग झालं."

"मिस्त्री, आज तुम्ही सगळ्यांनी..."

"सावकाश जा ताई," तो म्हणाला. "माश्या आहेत मागे."

ती वर येऊन बसली. नवऱ्याने फडकं पुढे केलं. "काय म्हणाले?"

"सावकाश जा म्हणाले."

तिने हात पुसले, तेलाचा काटा जागेवर आहे ना ते पाहिलं, आणि सावकाश निघाली.