लाल तेलाची गाडी

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे, आणि मला बसता येतं. इतर गाड्या नुसत्या उभ्या राहतात. मी मात्र काम संपलं की पोट जमिनीला टेकायला येईपर्यंत खाली बसते, आणि किल्ली फिरवली की आधी मागून, मग पुढून, अशी सावकाश उठते. माझ्या अंगात ना पाटे आहेत ना स्प्रिंगा. चाकांच्या वर नळ्यांमधून तेल खेळतं आणि त्याच्या दाबावर मी तोललेली असते. माझे दिवे चाकांबरोबर वळतात, त्यामुळे वळणापलीकडचा रस्ता मला आधीच दिसतो. हे सगळं माझ्या अंगात आलं तेव्हा बाकीच्या गाड्या खटाऱ्याच्या सख्ख्या बहिणी होत्या.

हल्ली प्रदर्शनात माझ्यासमोर एक पाटी ठेवतात, ‘काळाच्या पुढची गाडी’. लोक ती वाचून माझं कौतुक करतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ह्या एका कौतुकापायी एका भल्या माणसाचं काय झालं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. मला पहिल्यांदा उठताना पाहून तिथला फोरमन म्हणाला होता, “ही गाडी आहे की म्हातारीचे गुडघे?” पण मला आखणारे इंजिनिअर हसले नाहीत. ते माझ्या मागच्या सीटवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवायचे, खड्ड्यांतून मला पळवायचे आणि पेला तसाच भरलेला बघून एकमेकांना टाळ्या द्यायचे. तिथेच माझ्या डोक्यात हवा गेली.

माझ्या पहिल्या मालकाची लाकडाची वखार होती. त्याला मिरवायला गाडी हवी होती, आणि मिरवण्यात मी काही कमी पडले नाही. पण माझं काही बिघडलं की पंचाईत व्हायची. गॅरेजवाले माझं बॉनेट उघडायचे, आतलं नळ्यांचं जाळं बघायचे आणि “उद्या बघू” म्हणून पुन्हा लावून टाकायचे. तो उद्या काही उजाडायचा नाही. शेवटी वखारवाला कंटाळला आणि मी त्याच्या ओंडक्यांमागे धूळ खात बसले.

तिथून मला घड्याळजींनी नेलं. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान म्हणजे बोळाएवढी खोली. एक खिडकी, खिडकीपाशी टेबल, टेबलावर पांढरं फडकं, आणि डोळ्याला भिंग लावून बसलेले घड्याळजी. खसखशीएवढे स्क्रू ते चिमट्याने उचलायचे आणि त्या वेळी श्वास रोखून धरायचे. त्यांनी मला ओसरीशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं आणि घड्याळासारखंच उघडलं. प्रत्येक भाग पुसून ओळीने मांडला आणि त्याच ओळीने परत बसवला. ज्या दिवशी मी पुन्हा उठले त्या दिवशी गल्ली गोळा झाली. “घड्याळजींनी काळाच्या पुढची गाडी आणली, आता त्यांची सगळी घड्याळं पुढेच धावणार,” असं कोणीतरी म्हणालं. “गाडीची उठबसच भारी,” असं दुसरं कोणी म्हणालं. मला दोन्ही वाक्यं आवडली. घड्याळजींना एकच गोष्ट महत्त्वाची वाटत होती, आणि ती त्यांनी आपल्या लेकीला जवळ बोलावून सांगितली.

“हिला लाल तेल. दुसरं कुठलंही नाही. दुसऱ्या तेलाने हिच्या आतली रबरं फुगतात, मग हिला ना उठता येणार, ना ब्रेक लागणार. कळलं?”

“कळलं, बाबा. लाल.”

लेकीला घरात सगळे टिकटिक म्हणायचे, कारण तिचं तोंड कधी बंद नसायचं. घड्याळजी काम करत बसले की ती दाराच्या उंबऱ्यावर बसून गल्लीतल्या सगळ्या बातम्या सांगायची. त्यांना ती बडबड हवी असायची. “तू गप्प बसलीस की मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं,” असं ते म्हणायचे. टिकटिक मोठी झाली, कॉलेजात गेली, आणि तिच्या मनाने घेतलं की आपण मोटार चालवायला शिकायची. घड्याळजींनी तिला मैदानावर नेऊन शिकवलं. ती चांगलं शिकली. लायसन्सच्या परीक्षेची तारीख आली आणि तिने ती साऱ्या मैत्रिणींना सांगून टाकली.

परीक्षा आठवड्यावर आली असताना माझ्या टाकीतलं तेल तळाला गेलं. घड्याळजींनी तिला डबा आणायला पाठवलं. तेलाचा दुकानदार म्हणाला, “लाल तेल कंपनीने बंद केलं. आता हे हिरवं निघालंय, नव्या गाड्यांना हेच घालतात. आणि तुमची गाडी तर म्हणे काळाच्या पुढची. तिला जुनं तेल कसलं पाजता?”

टिकटिक खूश झाली. माझ्यासाठी सगळ्यात नवं तेच योग्य, असं तिला मनापासून वाटलं. इतकी वर्षं मी पुढची, पुढची म्हणून जो तोरा मिरवला होता, त्याने ती फसली. कोणी मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, बाई गं, मी दिसायला पुढची असले तरी माझी रबरं जुनी आहेत. पण मला कोण विचारणार?

ती घरी आली तेव्हा घड्याळजी माझ्याखाली उताणे पडून नट आवळत होते. त्यांचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

“मिळालं का?”

“मिळालं.”

“लालच आहे ना गं?”

तिने खरं सांगायला तोंड उघडलेलं मी पाहिलं. मग तिच्या लक्षात आलं असावं, की बाबा हे तेल परत पाठवणार, लाल मिळेपर्यंत गाडी हलू देणार नाहीत, आणि परीक्षा हातची जाणार. ती म्हणाली, “हो, बाबा.”

“मग ओत.”

तिने नरसाळं लावून हिरवं तेल ओतलं. नवा डबा पोत्यांच्या मागे सारला आणि जुना, तळाला थोडं तेल उरलेला लाल डबा टाकीजवळ ठेवला. मला ते तेल पहिल्या दिवशीच बाधलं. सांधे चिकटल्यासारखे झाले. त्याच दिवशी मी उठायला नकार दिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण गल्लीतली माणसं बघत होती, आणि चारचौघांत बसून राहणं मला कमीपणाचं वाटलं. मी कण्हत कण्हत उठत राहिले.

परीक्षेच्या सकाळी घड्याळजी मला मैदानाकडे घेऊन निघाले. टिकटिक शेजारी बसली होती. मैदानाच्या रस्त्याला मोठा उतार आहे आणि उताराच्या तळाशी, वळणावर, सुताराचं दुकान आहे. दुकानाबाहेर एका खुर्चीवर सुताराची आई रोज ऊन खात बसायची. उताराच्या मध्यावर घड्याळजींनी ब्रेक दाबला आणि पाय सरळ आत गेला. मी चालता चालता खाली बसत गेले. घड्याळजींनी सगळं बळ लावून स्टिअरिंग फिरवलं, हातब्रेक ओढला, तरी मी घसरत जाऊन त्या खुर्चीवर आदळले. खुर्चीचा चुरा झाला. म्हातारी नुकतीच चष्मा आणायला आत गेली होती.

ती चष्मा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, माझी खुर्ची?” घड्याळजी तिच्याकडे बघत राहिले.

मला ढकलत घरी आणलं. त्याच दुपारी घड्याळजींनी माझी नळी सोडून थोडं तेल पांढऱ्या फडक्यावर घेतलं. बराच वेळ ते बघत होते. मग त्यांनी लेकीला हाक मारली.

“हे मला हिरवं दिसतंय.”

म्हातारीच्या खुर्चीचा चुरा टिकटिकच्याही डोळ्यांसमोरून जात नसणार. आपण काय केलं हे तिला कळलं होतं, आणि कळल्यामुळेच ती भेदरली होती. ती म्हणाली, “नाही, बाबा. लालच आहे.”

“नीट बघ.”

“लालच आहे.”

त्यांनी टाकीजवळचा लाल डबा पाहिला, फडकं पाहिलं, लेकीकडे पाहिलं. लेक खोटं बोलेल हे त्यांच्या मनाला शिवलंही नाही. मग उरलं कोण? तेल बरोबर होतं, म्हणजे रबरं बसवणारे हात चुकले. आणि लाल तेल हिरवं दिसतंय, म्हणजे डोळेही गेले. त्यांनी फडक्याची घडी केली, भिंग खिशातून काढून त्या घडीवर ठेवलं आणि ते घरात गेले.

दुसऱ्या दिवसापासून दुकान उघडलं नाही. दुरुस्तीला आलेली घड्याळं त्यांनी तशीच परत केली. “ज्याला रंग कळत नाही त्याने दुसऱ्याच्या घड्याळाला हात लावू नये,” असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे. बायको समजावायची, “अहो, टोमॅटो तुम्हाला लालच दिसतो ना?” ते म्हणायचे, “टोमॅटो लाल असतो हे मला आधीच माहीत आहे, म्हणून दिसतो.” डॉक्टरकडेही गेले नाहीत. डॉक्टर काहीही म्हणाला तरी आपला विश्वास बसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मित्रांनो, त्यांचे डोळे तेव्हा गरुडासारखे होते. ते ओसरीवर बसून रिकाम्या हातांकडे बघत राहायचे, आणि भिंतीपलीकडे मी हिरवं तेल पोटात घेऊन बसलेली असायची. मला हॉर्न आहे, पण तो कोणीतरी दाबावा लागतो.

टिकटिक गप्प झाली. ती पुन्हा परीक्षेला बसली नाही. पुढे दुसऱ्या गावी शाळेत शिक्षिका झाली. सुट्टीत घरी यायची, वडिलांसाठी काही ना काही आणायची, त्यांचे पाय चेपून द्यायची. शेडमध्ये मात्र यायची नाही. एकदाच आली. तिने माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि “उद्या सांगते” एवढं पुटपुटून गेली. गॅरेजवाल्यांचा उद्या मी पाहिलेला होता, त्यामुळे मी फार आशा धरली नाही.

वर्षं गेली. माझे टायर जमिनीला चिकटले, सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. घड्याळजी खरोखरच म्हातारे झाले आणि त्यांच्या डोळ्यांच्या आतला पडदा खरोखरच खराब झाला. आता समोर माणूस आहे एवढं कळे, रंग कळत नसत. ते कोणापाशी कुरकुर करत नसत. आपले डोळे तर कधीच गेलेत, अशीच त्यांची समजूत होती.

मग जुन्या गाड्यांच्या हौशी लोकांना माझा पत्ता लागला. त्यांचा मेकॅनिक आला तेव्हा सुट्टी असल्यामुळे टिकटिकही घरी होती. घड्याळजींना तिने हात धरून शेडमध्ये आणलं. मेकॅनिक माझ्याभोवती फिरून म्हणाला, “काय गाडी आहे, काळाच्या किती पुढची.” मग टाकीच्या झाकणाला हात घालत म्हणाला, “आधी आतलं तेल बघू.”

“थांबा,” टिकटिक म्हणाली. “झाकण उघडू नका. आधी मला बाबांशी बोलायचंय.”

तिने सगळं सांगितलं. दुकानदार काय म्हणाला ते, डबा पोत्यांमागे कसा ठेवला ते, आणि फडक्यावरचं तेल बघून दोनदा काय बोलली ते. मध्ये तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. मेकॅनिक उगाचच चाकाकडे बघत बसला.

घड्याळजींनी सगळं ऐकून घेतलं.

“म्हणजे ते हिरवंच होतं.”

“हो, बाबा.”

“आणि मला हिरवंच दिसलं होतं.”

“हो.”

मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, “मग मी दुकान का बंद केलं गं?”

ते रागावले असते, ओरडले असते, तर आम्हा दोघींना हायसं वाटलं असतं. ते भिंतीला हात लावत लावत एकटेच घरात गेले. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिच्याकडून चहा मागून घेतला, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन रडली.

मेकॅनिकने माझी रबरं बदलली, नळ्या धुतल्या, कुठूनतरी जुन्या साठ्यातलं लाल तेल मिळवलं. मी पुन्हा उठले. मला नवा रंग दिला आणि प्रदर्शनात नेऊन उभं केलं. पाहायला घड्याळजी आले होते. एका बाजूला बायको होती, दुसऱ्या बाजूला टिकटिक. त्यांनी माझ्या अंगावरून हात फिरवला, दाराची फट बोटाने चाचपली आणि विचारलं, “रंग कुठला दिलाय?”

टिकटिक म्हणाली, “निळा, बाबा. पहिला होता तसाच.”

त्यांनी मान डोलावली. मग ते बायकोकडे वळून हळूच म्हणाले, “निळाच आहे ना?”

टिकटिकने ते ऐकलं. मीही ऐकलं.

मित्रांनो, गाडीत चुकीचं तेल पडलं तर घाबरू नका. ते काढता येतं, नळ्या धुता येतात, रबरं नवी घालता येतात. पण कोणी विश्वासाने तुम्हाला रंग विचारला, तर जो असेल तोच सांगा, आणि तिथल्या तिथे सांगा. उशिरा सांगितलेलं खरंही खरंच असतं, पण ते ऐकणाऱ्याला दुसऱ्या कोणालातरी विचारून घ्यावं लागतं.