दिवाळीत बंद पडलेला टेप

गाडीतला टेप चालू होत नाही, ही काही आभाळ कोसळण्यासारखी गोष्ट नव्हे. गाणी न ऐकता लोक सुरतेहून पार नंदुरबारपर्यंत जाऊन येतात. पण दिवाळीच्या पाडव्याला सकाळी ललित आपल्या जुन्या गाडीत स्टेअरिंगखाली मुंडी घालून बसला होता. टेप लागला नाही तर दादा गाडीत बसणार नव्हते, आणि दादा गाडीत बसले नाहीत तर आजचं डायलिसिस बुडणार होतं. मागच्या खेपेला त्यांनी अर्ध्यातच सुई उपसून काढली होती. तेव्हापासून पाय सुजून पोळपाटासारखे झाले होते, आणि रात्री त्यांना आडवं झोपवत नव्हतं. डॉक्टरांनी ललितला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं की पुढची पाळी चुकवायची नाही, चुकली तर आम्हाला विचारायला येऊ नका.

दादा म्हणजे त्याचे वडील, धुडकू पाटील. शिंदखेड्याकडून तरुणपणी सुरतेत आले आणि सगळी उमर उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, उभे राहिले. कान तिथेच अर्धे गेले. डोकं अलीकडे जायला लागलं होतं. घरातली माणसं कधी ओळखू यायची, कधी नाही. पण लूमची धडधड तेवढी शाबूत राहिली होती. ती ऐकू आली की दादा निवांत, नाही आली की त्यांचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. कारीगराच्या हिशेबात मशीन गप्प झालं म्हणजे काहीतरी बिघडलं, आणि बिघडलं म्हणजे सेठ येणार. बिचारे उठून दाराशी जायचे, कडी काढायचे, धागा शोधत फिरायचे.

म्हणून ललितने एक युक्ती काढली होती. तो पलसाण्याच्या एका मिलमध्ये पॅकिंगच्या कामाला होता. तिथल्या ओळखीने एका लूमच्या खात्यात जाऊन त्याने तासभर आवाज रेकॉर्ड केला, पेनड्राइव्हवर घातला आणि गाडीत मोठे स्पीकर बसवून घेतले. गाडी सुरू केली की धडधड सुरू, सीटसुद्धा हादरायची. दादा गुमान बसायचे, डायलिसिस सेंटरपर्यंत तोंडातून शब्द नाही. मोबाइलवर तोच आवाज लावून पाहिला तर त्यांनी मोबाइल झटकून टाकला होता. पाठीला दणके बसल्याशिवाय ते मशीन मानत नसत. रिक्षाचा प्रयोगही एकदा झाला होता, तेव्हा उधना दरवाजाला त्यांनी चालत्या रिक्षातून उडी घ्यायचा घाट घातला होता.

आणि आज टेप मेलेला. लाइट लागत होती, हॉर्न वाजत होता, म्हणजे बॅटरी ठीक होती. टेपची पाटी मात्र काळीठिक्कर. ललितने बटण दाबलं, धरून ठेवलं, पेनड्राइव्ह काढला, फुंकून परत घातला. मग चावी बंद करून पुन्हा चालू केली. सगळ्या जगात जे उपाय करतात ते सगळे करून झाले.

पंडितला फोन लावणं एवढंच उरलं होतं. पंडित त्याचा शाळेपासूनचा मित्र, गाड्यांची वायरिंग करायचा, आणि हे स्पीकर त्यानेच बसवले होते. पण दिवाळीत सुरत ओस पडते आणि पंडितही त्याला अपवाद नव्हता. तो अमळनेरला सासऱ्याच्या ओट्यावर फराळ करत होता. लाभपाचमीपर्यंत, म्हणजे आणखी चार दिवस, एकही दुकान उघडणार नाही हे त्याने वर ऐकवलं. ललितने कळवळून सांगितल्यावर त्याची चकली थांबली आणि तो फोनवरून एकेक गोष्ट विचारू लागला. सिगारेटच्या भोकात मोबाइलचा चार्जर चालतो का? चालत नव्हता. मग फ्यूज बघ, म्हणाला, दोन्हींचा एकच असतो.

ललितने गुडघ्यापाशी असलेली फ्यूजची पेटी उघडली. फ्यूज जळालेला निघाला. त्याला इतका आनंद झाला की तो पंडितला शिव्या देत हसला. झाकणात एक जादा फ्यूज होता, तो बसवला, चावी फिरवली. टिक् असा बारीक आवाज झाला आणि नवा फ्यूजही गेला.

ललितने घड्याळ पाहिलं. सेंटर सणामुळे आज दुपारपर्यंतच उघडं होतं आणि उशिरा येणाऱ्याची खाट दुसऱ्याला देतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ओट्यावर आई, भागीरथीबाई, दादांचा हात धरून उभी होती. दादांचा श्वास गाडीपर्यंत ऐकू येत होता. त्यात भर म्हणजे गल्लीच मुकी झाली होती. एरवी उधन्यात भिंतीला पाठ लावली तरी बाजूच्या खात्यांची धडधड लागते. सुट्टीमुळे तीही बंद. दोन दिवसांपासून दादा आपल्या अहिराणीत सारखं एकच विचारत होते.

"आवाज काबरं नही? मशीन कोनी बंद करं?"

भागीरथीबाई त्यांना आता येईल, आता येईल असं सांगत होत्या. ललितला आईचा उगाच राग आला. काय येईल आता, डोंबल?

पंडितने फोनवर सांगितलं की कुठेतरी वायर वायरीला लागतेय, तिसरा फ्यूज घालू नको, आधी टेप बाहेर काढ. बाजूच्या दोन पट्ट्या आत दाब आणि ओढ. ललितने ओढला. नखाखालचं कातडं सोलवटलं, पण टेप वायरींसकट बाहेर आला, आणि ललित बघतच राहिला. डब्याच्या दोन्ही अंगांनी पिवळे-लाल ओघळ उतरले होते. मागच्या जोडणीत ओलसर तांदळाचे दाणे अडकलेले. वरवरचं हळद-कुंकू त्याने सकाळीच पुसलं होतं. सणाला गाडीला कुंकू लागणारच, त्यात काय पाहायचं? पण हे कुंकू आतपर्यंत वाहत गेलं होतं.

"आई, तू टेपवर पानी टाकं का?" त्याने विचारलं.

भागीरथीबाई पदर सावरत म्हणाल्या, "लक्ष्मीपूजन व्हतं. आंब्याना पानघाई शिपडं थोडंसं. तुना बापनी आते तीच मशीन शे ना? तिले नही पुजू ते कोणले पुजू?"

ललित ओरडणार होता, पण त्याला खात्यातली रीत आठवली. दर दिवाळीला सुट्टी पडायच्या आधी खात्यातल्या मशिनी पुसून, कुंकू लावून, हार घालून बंद करतात. आई संसारभर ते ऐकत आली होती. तिने या काळ्या डब्यात नवऱ्याचं लूम पाहिलं आणि रीतीने त्याची पूजा केली. झालं, लूम बंद पडलं. चूक म्हणावी तर चूक, पण अशी चूक करायला खात्यातल्या कारीगराची बायकोच व्हावं लागतं.

पंडितचं निदान तेवढ्यात आलं: टेप आतून भिजलाय, आज काही होत नाही, उन्हात ठेव. ललितने फोन ठेवला. टेप मांडीवर घेऊन तो तसाच बसला. अँब्युलन्स बोलवावी तर चार अनोळखी माणसं दादांना उचलणार, ते चावे घेणार, धाप आणखी वाढणार. त्याला वाटलं, आपण एवढं शहाणपण करून या माणसाचा जीव एका वायरीला टांगून ठेवला. त्याला रडू यायला लागलं होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

गाडीचं दार उघडं होतं. कोणाच्या लक्षात यायच्या आत दादा आईचा हात सोडून गाडीपाशी आले. वाकून त्यांनी ललितच्या मांडीवरचा डबा पाहिला. त्याच्या कडेच्या ओल्या कुंकवावर बोट फिरवलं आणि ते बोट कपाळाला लावलं.

"पूजा व्हयनी का?"

"व्हयनी दादा," ललित म्हणाला.

"मंग सुट्टी पडनी ना. आठे काय करी राह्यना तू? गावले जावानं नही का?"

चेहरा एकदम सैल पडला त्यांचा. धाप होतीच, पण डोळ्यांतलं ते भिरभिरणं गेलं. मशीन बिघडलं नव्हतं, मशीन सुट्टीवर होतं. पलीकडून फिरून ते आपले आपण सीटवर बसले आणि आईला म्हणाले, पिशवी दे. भागीरथीबाईंनी डायलिसिसच्या फायलीची पिशवी त्यांच्या हातात दिली. ती छातीशी धरून ते समोर पाहू लागले.

ललितने टेप मागच्या सीटवर टाकला आणि गाडी काढली. आता त्याला नवीनच धास्ती होती. गाडीत धडधड नव्हती, होती ती गावाला निघाल्याची एक थाप, आणि ती कुठल्याही वळणावर उघडी पडणार होती. गावाची रेल्वे मिळते ते उधना स्टेशन आलं. ललितने गाडी न थांबवता पुढे घेतली.

"स्टेशन ते मांगे राह्यनं," दादा म्हणाले. त्यांचा हात दाराच्या कडीवर गेला.

"उधन्याले गर्दी शे दादा. सुरतहून बठसूत, जागा भेटी."

दादांनी विचार केला. सुरतहून बसलं की जागा मिळते हे खान्देशच्या कुठल्याही माणसाला पटतं. हात कडीवरून खाली आला. रस्त्यात माणूस नव्हतं, दुकानांच्या शटरवर झेंडूच्या माळा होत्या, आणि ललितला पहिल्यांदाच वडिलांचा श्वास एवढ्या जवळून ऐकावा लागत होता. त्याने वेग वाढवला.

थोड्या वेळाने दादा आपल्याशीच बोलावं तसं बोलू लागले.

"मन्हा पोऱ्या माले वळखत नही. दरसालले नवा माणूस समजस. मायना मांगे लपी जास. चार दिनमा जवळ येस, तवलोंग सुट्टी सरी जास."

ललितला ते आठवत होतं. गावच्या घरात सणाला एक माणूस यायचा, त्याच्या कपड्यांना मशीनच्या तेलाचा वास यायचा, मोठ्याने बोलायचा. आई म्हणायची, जा, दादाजवळ जा. आणि तो कोठीमागे जाऊन बसायचा. त्या माणसाला तेव्हा काय वाटत असेल, हा प्रश्न आजवर त्याच्या मनात आलाच नव्हता.

"यंदा वळखी," तो म्हणाला.

"तुले काय मालूम?"

ललितने गिअर बदलला.

सेंटरवर खाट अजून रिकामी होती. नर्स उशिरावरून करवादली, पण दादांची सूज पाहून तिने बोलणं आवरतं घेतलं आणि भराभर तयारी केली. ललित सुईच्या वेळची वाट पाहत उभा राहिला. दर खेपेला इथेच झटापट व्हायची. आज दादांनी हात पुढे केला. गाडी सुटेपर्यंत जरा पडा, असं ललितने सांगितलं होतं, ते त्यांनी मानलं होतं. रक्त नळीतून वाहू लागलं. नर्सने गुजरातीत विचारलं, काका, हे बरोबर कोण आहेत तुमच्या?

"हाऊ मन्हा जोडीदार," दादा म्हणाले. "खातामा मन्हा बाजूनी मशीनवर राहस."

नर्सने ललितकडे पाहिलं. त्याने मान हलवली, हो म्हणून. मग दादांनी मोकळ्या हाताने त्याचं मनगट धरलं आणि जवळ ओढलं. खात्यात एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात, तसं ते त्याच्या कानाशी बोलले.

"तूबी चाल मन्हा घर. पोऱ्या दखाडसू तुले."

"येसू दादा," ललित म्हणाला, आणि स्टूल ओढून त्यांच्या उशाशी बसला.