नको म्हणायचा तास

जानकीने तव्यावरची तंबाखू उलथली आणि धुरापासून तोंड फिरवलं. तंबाखू जळून काळी झाली की हाताने चुरायची, झाली दात घासायची मिश्री. पलीकडे तिची तुळसा गाल धरून बसली होती. दहा वर्षांची पोर, दाढेने हैराण झालेली.

"घे गो, थोडी दाताक लाव. ठणको थांबतलो."

"माका नको, आये."

"नको म्हंजे?"

"बाईंनी सांगल्यानी, सवय लागली काय सुटणा नाय. मोठ्या माणसांनी दिला तरी नको म्हणूचा. हळू म्हणूचा, पण म्हणूचा. मी मिठाच्या पाण्यान चूळ भरतंय."

जानकीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या आईने तिला मिश्री दिली, आजीने आईला. त्यात कोणी तोंड वर करून बोललं नव्हतं. आणि ही परवा सावंतवाडीहून शाळेत शिकवायला आलेली सुशीलाबाई आईपेक्षा मोठी झाली? नवरा गणपत मुंबईला गोदीत. पावसाळ्यात बोट बंद, म्हणजे तो असून नसल्यासारखाच. जवळ काय ती एवढी पोर, आणि तीही हातची चालली. खरं सांगायचं तर बिचारीला रागापेक्षा भीतीच जास्त वाटत होती.

दुपारी डोक्यावर इरलं घेऊन ती भांडायलाच निघाली. बाईंना काय काय सुनावायचं ते वाटेत दोनदा घोकून झालं. शाळा देवळाच्या सभामंडपात भरायची. जानकी खांबाआड थबकली, कारण आत काहीतरी नाटक चाललं होतं.

"आज आई कोण होणार?" बाईंनी विचारलं. "आईने आग्रह करायचा, आणि शेवंती नको म्हणणार."

तुळसा उठली. परकराचा सोगा तिने कमरेला खोचला आणि हुबेहूब जानकीसारखी उकिडवी बसली.

"शेवंते, पेज वाढलंय. जेव."

"आणि तू?"

"मी आदीच जेवलंय." तुळसाने नसलेली मिश्री बोटावर घेतली आणि सावकाश दातांवरून फिरवली. "माका ही पुरो. लावली काय भूक मरता. तुका होई?"

शेवंतीला नको म्हणायचं होतं, पण ती नुसती बघत राहिली. मागची मुलं हसली. बाई हसल्या नाहीत.

"तुळसा, आई खरंच आधी जेवते?"

"नाय, बाई. पावसात पेज दोघांक पुरणा नाय. माका म्हायत नाय असा तिका वाटता."

खांबाआड जानकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं जपून केलेलं, रोज जेवल्यासारखे ओठ पुसून पोरीसमोर यायचं, आणि पोरीने सगळं पाहिलं होतं.

"मग तू काय म्हणतेस तिला?"

"ताच विचारूचा होता," तुळसा म्हणाली. "नको कसा म्हणूचा ता तुमी शिकवलास. पण जी घेणाच नाय, तिका घे कसा म्हणूचा?"

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. जानकी इरलं सावरत आल्या पावली परत गेली. भांडण जिथल्या तिथे राहिलं.

संध्याकाळी तिने दोन थाळ्या मांडल्या. पेज दोन्हींत वाटली, तेव्हा दोन्ही अर्ध्याच भरल्या. तुळसा एका थाळीकडून दुसरीकडे बघत राहिली.

"आये, तुका भूक लागली?"

"होय गो," जानकी म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून फार वर्षांनी आले होते. "खूप लागली."

तुळसाने आपल्या पेजेतला शिताचा भाग हाताने गोळा केला आणि आईच्या थाळीत टाकला.

जानकीच्या ओठांवर 'नको' आलं होतं. तिने खाली मान घातली आणि तो घास खाल्ला.