तीन सेकंद दाबून धरा

मौनी ज्या खोलीत काम करी, तिथे टेलिफोनची एकोणीस यंत्रे होती आणि त्यांतली फक्त दोन वाजत. बाकीची पोट उघडे टाकून टेबलांवर पडलेली असत. कोणाची तार बाहेर लोंबत असे, कोणाची बटणे बशीत काढून ठेवलेली असत. वाजणाऱ्या दोनांपैकी एक त्याच्या टेबलावर होते, आणि हे तो आपले दुर्दैव समजे. यंत्राच्या आतले सगळे त्याला कळे. पलीकडच्या माणसाचे मात्र त्याला भय वाटे. घंटी वाजली की हातातला पेचकस घट्ट धरून तो ती थांबण्याची वाट पाहत राही. म्हणूनच त्याला मौनी म्हणत. खरे नाव पगाराच्या कागदापुरते उरले होते.

त्या दिवशी दुपारी तो सहाचित्रीच्या अखेरच्या आराखड्यावर वाकला होता. सहाचित्री हे त्यानेच ठेवलेले नाव. म्हाताऱ्या माणसांसाठी बनवलेला टेलिफोन: आकड्यांच्या वर सहा मोठी बटणे, प्रत्येकाखाली काचेसारख्या झाकणात एकेक फोटो. भावाचा फोटो दाबला की भावाला फोन. नंबर पाठ करायला नको, चष्मा शोधायला नको. नंबर साठवायचा तर आधी तो आकडे दाबून एकदा लावायचा आणि मग हवे ते फोटोचे बटण तीन सेकंद दाबून धरायचे; शेवटचा लावलेला नंबर त्या बटणात जाऊन बसे आणि यंत्र बारीकसे 'टूं' करी. साठवण्यासाठी वेगळे बटण लागत नाही, ही युक्ती साहेबांना इतकी आवडली होती की त्यांनी मौनीच्या पाठीवर थाप मारली होती. उद्या सकाळी दहा वाजता त्याने आराखड्यावर सही केली की साचा कापायला जाणार होता.

नमुन्याचे एकच यंत्र बाहेर होते, आत्याकडे. आई गेल्यावर त्याला आत्यानेच वाढवले. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राही आणि तिचे हृदय अधूनमधून रुसत असे.

फोन वाजला. मौनीने पेचकस धरला.

"अरे, उचल की," समोरच्या टेबलावरून ताई म्हणाली. यंत्रांच्या तारा जोडायचे काम तिचे. वयाने ती सर्वांत मोठी आणि जिभेने सर्वांत मोकळी. "काल दुपारभर असाच कोकलत होता. मी तारांना कथलाचा डाग देत होते म्हणून, नाहीतर मीच उचलला असता. लग्न जमलं तर बायकोशीसुद्धा चिठ्ठ्या लिहूनच बोलणार का?"

त्याने उचलला.

"डॉक्टर," पलीकडून आवाज आला, बारीक, मध्येच तुटणारा. "जरा येता का? डाव्या हाताला मुंग्या आल्यात. छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं वाटतंय."

मौनीने आवाज ओळखला. "आत्या? मी बोलतोय."

मग आत्या म्हणाली, "तुझं यंत्र भलतंच शहाणं आहे रे बाबा. मी डॉक्टर मागितला, त्यानं भाचा दिला."

"आत्या, गोळी जिभेखाली ठेवलीस का?"

"ठेवली. दार उघडंच आहे. तू ठेव, मी परत दाबते."

"नको," तो इतक्या जोराने म्हणाला की ताईने मान वर केली. "काही दाबू नकोस. फोन ठेवू नकोस. बसून राहा."

कुठे चुकले हे त्याला अजून उमगले नव्हते. इतकेच कळत होते की डॉक्टरांचा दवाखाना आत्यापासून दोन गल्ल्यांवर आहे, आणि त्यांचा नंबर त्याला येत नाही. त्याच्या डोक्यात कोणताच नंबर टिकत नसे. चार दिवसांपूर्वी आत्याने वहीतून सहा नंबर वाचून दाखवले होते आणि त्याने ते यंत्रात भरले होते. आणि ती वही, म्हातारी माणसे नंबर कसे लिहून ठेवतात याचा अभ्यास करायचा म्हणून, तो बरोबर घेऊन आला होता. 'आता तुला हिची गरज नाही' असेही वर म्हणाला होता.

त्याने बोलण्याच्या भोकावर हात ठेवला. "ताई, त्या फोनवरून रुग्णवाहिका बोलवा. आत्याच्या छातीत दुखतंय. पत्ता इथे लिहिलाय."

ताईने डाग द्यायचे हत्यार बाजूला ठेवून दुसरा फोन उचलला.

मौनीने खणातून वही ओढली. अक्षर वळणदार होते, पण वही बाराखडीच्या क्रमाने लावलेलीच नव्हती. पहिल्या पानाच्या डोक्यावर लिहिले होते, 'हाकेसरशी येणारे'. चार पानांनंतर, 'विचार करून येणारे'. त्यापुढे, 'नुसतीच काळजी करणारे'. माणसांना नावे नव्हती. आत्याने त्यांना आपल्या मनातली नावे दिली होती. 'जिन्यावरची'. 'मोठ्या आवाजाचे'. 'उसनी साखर'. पहिल्या पानावर तो वरून खाली गेला, खालून वर आला. डॉक्टर कुठेच नव्हते.

"रुग्णवाहिकेला अर्धा तास लागेल म्हणतात," ताई दुसऱ्या फोनवरून हळूच म्हणाली. "डॉक्टरचा नंबर दे, मी लावते."

"आत्या, ऐकते आहेस ना? वहीत डॉक्टर कुठल्या पानावर आहेत?"

उत्तर आले नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा पुढे सरकत होता. त्याने पान उलटले, पुन्हा उलटले. एका पानावर त्याला स्वतःचा नंबर दिसला, 'नुसतीच काळजी करणारे' यांच्या रांगेत तिसरा. त्यावर थांबायला वेळ नव्हता.

"आत्या."

"विचार करून येणाऱ्यांत बघ," ती म्हणाली. एकेक शब्द ती जिना चढावा तसा चढत होती. "आधी पहिल्या पानावर होते. मागच्या थंडीत उशिरा आले. म्हणून खाली उतरवले."

"तिथे डॉक्टर असं काही नाही."

"डॉक्टर कशाला लिहीन? सुईवाले."

त्याने बोट ठेवले. सुईवाले, आणि पुढे आकडे. तो एकेक आकडा मोठ्याने वाचू लागला, आणि ताई दुसऱ्या फोनवर तो दाबू लागली. चौथ्या आकड्यानंतर त्याने वर पाहिले. ताईने मान हलवली, पुढे म्हण. आकडे संपले. घंटी गेली. एक, दोन, तीन. प्रत्येक घंटीच्या मधली जागा त्याला विहिरीसारखी वाटली. सहाव्या घंटीला कोणीतरी उचलले आणि ताई तिच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "डॉक्टर, हातातलं टाका आणि धावा. दोन गल्ल्यांवरच्या आत्या. हो, त्याच, तुम्हाला सुईवाले म्हणतात त्या."

मौनी दुसऱ्या कानाने आत्याचा श्वास ऐकत राहिला. काय बोलावे हे त्याला सुचेना. उभ्या आयुष्यात फोनवर तो कधी कोणाशी नुसता बोललाच नव्हता. मग तो खोलीतल्या वस्तू सांगू लागला: खिडकीत पडदा नाही, ताईच्या पेल्यात चहा गार झालाय, एकोणीस यंत्रांपैकी एकाचा रंग आत्याच्या जुन्या साडीसारखा आहे. आत्या मधूनच हुंकार देई. एकदा हुंकार आलाच नाही. तो बोलत राहिला, कारण थांबलो तर ती शांतता कायमची होईल असे त्याला वाटले. मग पलीकडे पावले वाजली, काही पडल्याचा आवाज झाला, आणि एक पुरुषी आवाज म्हणाला, "मी पोहोचलोय. फोन ठेवा आता."

मौनी पोहोचला तेव्हा आत्या पलंगावर उशांना टेकून बसली होती. रुग्णवाहिकेची माणसे दारात स्ट्रेचर उलगडत होती. तिचा चेहरा राखेसारखा, पण डोळे जागे.

"नाडी ताळ्यावर आलीय आता," डॉक्टर म्हणाले. "रात्रभर रुग्णालयात ठेवू. आणखी पंधरा मिनिटं गेली असती तर सांगता आलं नसतं." मग त्यांनी तिपाईवरच्या सहाचित्रीकडे पाहिले. "माझ्याच फोटोचं बटण, आणि फोन भलतीकडेच," ते म्हणाले. "हे कोणी बनवलं?"

मौनीला कोणीतरी दुसरे उत्तर देईल असे वाटले. पण उत्तर देऊ शकेल असे खोलीत दुसरे कोणी नव्हते.

"मी," तो म्हणाला.

डॉक्टर वळून आपली पिशवी आवरू लागले. तेच त्याला जास्त लागले.

"आत्या," तो पलंगाशी वाकला. "बटण कसं दाबतेस, दाखव."

तिने बोट हवेत पुढे केले, काल्पनिक बटणावर टेकवले आणि तसेच ठेवले. एक. दोन. तीन. चार.

"इतका वेळ?"

"मग? पहिल्यांदा घरी फोन आला तेव्हा गोल तबकडी होती. बोट घालून पार शेवटच्या टोकापर्यंत न्यावं लागायचं. मध्येच सोडलं की नंबर चुकला. सासरे ओरडायचे, बोट उचलू नकोस, त्याला पोहोचू दे." ती दमली, पुन्हा सावरली. "याचंही तसंच. दाबून धरलं की टूं म्हणतं. म्हटलं, पोहोचलं. पण पुढे काहीच नाही. मग वैतागून पुन्हा टोचलं की घंटी जाते."

आता त्याला चूक कळली. परवा संध्याकाळी आत्याने त्याचा नंबर हाताने लावला होता, जेवलास का विचारायला. तो तेवढा तिला पाठ होता. तोच शेवटचा नंबर. त्यानंतर तिने जे बटण पोहोचेपर्यंत धरले, त्यात तोच जाऊन बसला.

"काल कोणाकोणाला लावलास?"

"सगळ्यांना. भावाला, जिन्यावरचीला, सगळ्यांना. कोणी उचलला नाही." ती खिडकीकडे पाहत म्हणाली, तक्रार न करता. "म्हटलं, प्रत्येकाला आपापला संसार आहे. म्हातारीसाठी कोण रिकामं बसलंय?"

काल दुपारभर त्याच्या टेबलावरचा फोन कोकलला होता. तो पेचकस धरून बसला होता.

त्याने काहीतरी सांगायला तोंड उघडले, पण माणसांनी तिला उचलून स्ट्रेचरवर घेतले. जाता जाता ती म्हणाली, "यंत्रावर रागावू नकोस. त्यानं मला माझंच माणूस दिलं. फक्त त्या माणसाला उचलायची सवय नाही."

डॉक्टर तिच्याबरोबर गाडीत बसले. तिच्या पिशवीत कपडे भरून मागोमाग यायचे म्हणून मौनी मागे थांबला. पिशवी भरून झाली. मग तो तिपाईपाशी बसला आणि त्याने भावाचा फोटो हलकेच दाबून सोडला.

"हॅलो," ताईचा आवाज. "काय झालं?"

"ठीक आहे ती. ठेवतो." त्याने जिन्यावरचीचा फोटो दाबला.

"हॅलो. अरे, परत तूच?"

तिसरा. चौथा. पाचवा. प्रत्येक वेळी ताई. सहाव्यावर डॉक्टरांचा फोटो होता, एका जुन्या समारंभातून कापून घेतलेला.

"आता मात्र मी तुझ्या नावाने शंख करेन," ताई म्हणाली. मग तिला काहीतरी कळले असावे. तिचा आवाज उतरला. "सहाच्या सहा?"

"सहाच्या सहा. ताई, साहेब आहेत का? त्यांना द्या."

"तू बोलणार? साहेबांशी? फोनवर?"

"द्या."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. साहेबांना ताईने अर्धे सांगितलेच होते. त्यांनी आत्याची चौकशी केली, मनापासून केली, आणि मग म्हणाले, "माहितीपत्रकात एक ओळ घालू. ठळक अक्षरांत. बटण जास्त वेळ दाबू नये."

"ओळ वाचायला चष्मा लागतो, साहेब. चष्मा शोधावा लागू नये म्हणून तर हे केलं."

"साचेवाल्याची तारीख ठरलीय. आता पोटात बदल करायचा म्हणजे दोन महिने."

"साठवायची कळ यंत्राच्या खाली, झाकणात हवी. मुलगा किंवा भाचा येईल तेव्हा उघडेल, भरेल, बंद करेल. वरच्या बटणाला कितीही वेळ धरलं तरी त्यानं फोनच लावायला हवा." एवढे सलग तो आजवर कोणाशी बोलला नव्हता. "मी उद्या सही करणार नाही."

"तू नाही केलीस तर दुसरा कोणी करेल. हे तुला कळतं ना?"

"कळतं. मग त्या दुसऱ्याला आधी रुग्णालयात पाठवा. काल घरच्यांनी फोन का उचलला नाही, हे आत्याला त्यानं समजावून सांगावं. मी तेच सांगायला निघालोय, आणि मला ते जमेलसं वाटत नाही."

पलीकडे कोणी बोलले नाही. पार्श्वभूमीला ताईच्या हत्याराचा बारीक चरचराट ऐकू येत होता. एरवी अशी शांतता आली की मौनी हळूच फोन ठेवून देई आणि लाइन तुटली असे सांगे. आता त्याने पिशवी मांडीवर घेतली, फोन कानाशी नीट धरला आणि साहेब काय म्हणतात याची वाट पाहू लागला.