पिंपळनेरच्या पुढचा रस्ता

धुळ्याच्या आमच्या रक्तपेढीत कॉम्प्युटरचं सगळं मी बघायचो, आणि आपल्याला ते फार छान येतं असं माझं ठाम मत होतं. अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. जळगाव, पाचोरा, अमळनेर, पिंपळनेर ही संस्थेची केंद्रं टेलिफोनच्या लाइनने धुळ्याशी जोडलेली होती. प्रत्येक ठिकाणी एक राउटर. ही राउटर मंडळी आपापल्याकडचे रस्ते एकमेकांना कळवत राहतात आणि प्रत्येक जण सगळा नकाशा डोक्यात ठेवतो.

पिंपळनेरचा राउटर मात्र जुना, सेकंडहँड. नकाशा जरा मोठा झाला की तो बसकण मारायचा. मग मी त्याचा विभाग स्टब केला. स्टब म्हणजे टोकाचा. त्याला बाहेरच्या जगाचे रस्ते सांगायचेच नाहीत. एवढंच सांगायचं की जे तुला माहीत नसेल ते धुळ्याला पाठव, पुढचं आम्ही बघू. राउटर सुतासारखा सरळ झाला. जळगावच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मीही ती आनंदाने थोपटून घेतली.

या नियमाला दुसरी बाजू आहे. स्टबच्या पलीकडे कोणी नवा बाहेरचा रस्ता जोडला, तर तो स्टबला इतरांना कळवता येत नाही. हे मला पाठ होतं. नेमकं तेव्हा आठवलं नाही.

दिवाळीनंतर पिंपळनेरच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावरचा दवाखाना आम्ही रेडिओने जोडून घेतला. दवाखाना दुसऱ्या संस्थेचा, यंत्रंही त्यांचीच, म्हणजे नकाशाच्या हिशेबात तो बाहेरचाच रस्ता. तिथे तेरसिंग कंपाउंडर होता. पाड्यावर फोन नव्हता. त्या भागात सिकलसेलचे पेशंट पुष्कळ, रक्त सारखं लागायचं. आमची पद्धत अशी, की दवाखान्याने यंत्रावरून मागणी पाठवायची, रक्तपेढीच्या मंदाबाईंनी पिशव्या बाजूला काढून उलट कळवायचं, आणि मगच पेशंट हलवायचा. कारण पूर्वी लोक जीप करून धुळ्यापर्यंत यायचे आणि रक्त नाही म्हणून दारातून परत जायचे. पद्धत चांगली होती.

जोडणीनंतरच्या पहिल्याच मंगळवारी पिंपळनेर केंद्रावरून भटूचा फोन आला.

"लीलाधरभाऊ, वरथीन जीपवाला उना. तेरसिंगना निरोप शे, मशीन जवाब देत नही."

मी जागेवरून पिंपळनेर तपासलं. उत्तर झटक्यात आलं.

"लाइन ठणठणीत आहे, भटू."

"मंग काय सांगू त्याले?"

"थांबायला सांग. जवाब येईल."

आणि मी जेवायला गेलो. रक्त कोणासाठी हवंय हे निरोपात नव्हतं, आणि मी विचारलं नाही.

शनिवारी भटूने फोनवर सांगितलं. रक्त तेरसिंगच्या मुलीला हवं होतं. कस्तुरा, एकोणीस वर्षांची. घरच्या माणसासाठी घाई करतो असं कोणी म्हणू नये, म्हणून त्याने निरोपात तिचं नाव घातलं नव्हतं. माझं 'थांब' ऐकून तो दोन दिवस यंत्रासमोर बसून राहिला. तिसऱ्या दिवशी पद्धत मोडून त्याने जीप काढली. घाट उतरायच्या आत ती गेली.

मी आमच्या यंत्रातल्या नोंदी उघडल्या. पाड्यावरून आमचं दार एकशे बारा वेळा वाजलं होतं. दर वेळी आमच्या यंत्राने ओ दिली होती. ती ओ मिळाल्याशिवाय पाड्याचं यंत्र मागणी सांगत नाही, आणि ती ओ पाड्याकडे कशी न्यायची हे धुळ्याच्या राउटरला माहीत नव्हतं. मी पिंपळनेरपर्यंतच तपासलं होतं. पिंपळनेर नकाशात होतं. त्याच्या पुढे माझ्या लेखी काही नव्हतंच.

मी भटूला फोनवरच थांबवलं. स्टबचाच आणखी एक प्रकार असतो. त्याला बाहेरचं काही सांगायचं नाही, पण आपल्याकडे जोडलेला रस्ता तो बाहेर कळवू शकतो. एक शब्द बदलायचा असतो. फक्त दोन्ही टोकांना तो सारखाच लागतो, नाहीतर ती दोघं एकमेकांशी बोलणंच बंद करतात. मी धुळ्याकडचा बदलला आणि लाइन पडली. भटूने एकेक अक्षर विचारत त्याच्याकडचा बदलला. मिनिटभरात लाइन उठली आणि नकाशात पाडा दिसला. काम एवढंच होतं. मला तिथेच रडू फुटलं.

मी डोळे पुसतोय तोवर आतून मंदाबाई आल्या. त्यांना अजून काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या हातात प्रिंटरचा कागद होता. पाड्यावर इतके दिवस अडकलेली मागणी वाट मोकळी होताच आपली आपण निघून आली होती. कस्तुरा तेरसिंग, वय एकोणीस, बी निगेटिव्ह, दोन पिशव्या.

"चालू झाली वाटतं लाइन, लीलाधरभाऊ," त्या म्हणाल्या. "दोन्ही पिशव्या काढून ठेवल्यात. रक्त आहे, पेशंटला घेऊन या, असं कळवलंसुद्धा."

"कळवलंत?"

"हो. पोचल्याची खूण लगेच आली."